डावी करंगळी

१

जरा कल्पना कर. तू बारा वर्षांची मुलगी आहेस आणि तुझं नाव मैत्रेयी आहे. रविवारची सकाळ आहे. अंबरनाथहून वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून तू निघाली आहेस. चिखलोलीच्या नव्या इमारती मागे पडल्या, बदलापूर ओलांडलं, आणि आता खरवईच्या पुढे, जिथे इमारती संपून भाताची खाचरं सुरू होतात, तिथल्या एका वस्तीत तुला जायचं आहे.

तिथे हरिचंद्र आबा राहतात. ते तुझे सख्खे आजोबा नव्हेत. तुझे वडील राजेंद्र कॅमेरे बसवण्याचं काम करतात. आबांच्या गोठ्यात त्यांनीच कॅमेरा बसवला, आणि तेव्हापासून आबा तुला नातीसारखी हाक मारतात. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. "राजेंद्र, उद्या सकाळीच ये. तुला कायतरी दाखवायचं हाय. पोरीलापन आन."

आता पुढचं बघ. आबांचं फाटक सताड उघडं आहे. अंगणात माणसंच माणसं. आणि चौघे जण गोठ्यातून गोधडीत काहीतरी उचलून आणताहेत.

ते आबा होते. डोक्याची उजवी बाजू आत दबली होती. गोधडीतून रक्ताची धार लागली होती आणि धुळीत तिची रेघ उमटत होती. छाती मात्र हलत होती. त्यांची बायको, काशीआजी, शेजारून धावत होती. ती रडत नव्हती, नुसती "चला, चला" म्हणत होती.

आबांचा डावा हात गोधडीबाहेर लोंबत होता. पंजा शेणाने आणि रक्ताने माखलेला. अंगठा, त्याच्या शेजारची तीन बोटं, सगळं काळंलाल. करंगळी तेवढी स्वच्छ होती, कुणी फडक्याने पुसून काढावी तशी.

मोठी माणसं डोक्याकडे बघत होती. मैत्रेयीची उंचीच अशी होती, की तिच्या डोळ्यांसमोरून तो हात गेला.

टेंपो आबांना घेऊन दवाखान्याकडे सुटला. तेवढ्यात गोठ्यातून कुणीतरी ओरडलं, "गवतात हातोडा सापडला! रक्तानं भरलाय!"

मैत्रेयीने मान वळवली. हातोड्याच्या मुठीवर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तशी पट्टी तिचे वडील आपल्या प्रत्येक हत्याराला गुंडाळत.

२

पहिला फटका शंकरने मारला. शंकर आबांचा शेजारी, अंगाने थोराड. त्याने हातातला बांबू राजेंद्रच्या पाठीत घातला आणि म्हणाला, "परवा आबाशी भांडलास ना रं? वस्तीनं ऐकलंय!"

"भांडलो. पण मी आत्ता येतोय! पोरगी आहे सोबत—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. एकाने कॉलर धरली, दुसऱ्याने गुडघ्यावर लाथ मारली. राजेंद्र खाली पडला तसे चार-पाच जण तुटून पडले. चष्मा फुटला. काच भुवईत घुसली. मैत्रेयी मधे शिरली तर कुणाचा तरी कोपर तिच्या तोंडावर बसला आणि तिच्या जिभेवर रक्ताची चव आली. स्कूटर आडवी करून तिचा दिवा फोडला गेला. माणूस हाती लागत नसला, की गर्दी त्याच्या वस्तू मारते.

तेवढ्यात पोलिसांची जीप आत आली. फौजदार विनिता म्हात्रे उतरल्या. सोबत फक्त दोन शिपाई. त्यांनी गर्दीला दटावलं नाही, सरळ आत शिरून राजेंद्रला बखोटीला धरून उठवलं, आणि आबांच्या घराच्या पुढच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली.

"ताई," शंकर म्हणाला, "तू आपल्यातली. पलीकडच्या गावची. तू ह्या बाहेरच्याला पाठीशी घालतेस?"

"आपल्यातली आहे म्हणून एकदाच सांगते, दादा. बांबू खाली ठेव."

त्याने बांबू टेकवला. टाकला नाही.

आबांचा पुतण्या दिपेश पुढे आला. तिशीचा, गळ्यात जाड साखळी. आबांच्या शर्यतीच्या बैलाला तोच मैदानात पळवायचा. त्याच्या हातात आबांचा मोबाईल होता. "मॅडम, हा गवतात पडलेला. गोठ्यात कॅमेरा हाय. बघा कोन होता तो. पन फोनला कुलूप हाय."

एक शिपाई गोठ्यातली शिडी लावून वर चढला. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढं कार्ड असतं, चित्रण त्यावरच साठतं. कार्ड जागेवर होतं. विनिताबाईंनी ते आपल्या लॅपटॉपमध्ये घालून पाहिलं.

कार्ड कोरं होतं.

"जागेवर आहे आणि कोरं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणीतरी आबांच्या फोनवरून पुसलं. फोन उघडता कुणाला येतो?"

दिपेशने बोट केलं. "पासवर्ड ह्या पोरीनं लावून दिला. हिला विचारा. हिच्या बापाला विचारा."

सगळी गर्दी मैत्रेयीकडे वळली.

३

तो पासवर्ड लावला त्या दिवसाची गोष्ट तुला कळायला हवी. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राजेंद्रने कॅमेरा बसवला तेव्हा आबा म्हणाले, "नंबर टाक एक्केचाळीस एक्केचाळीस." मैत्रेयी हसली होती. तुला माहीत असेल, त्या बाजूच्या गावांत घरातल्या सगळ्या गाड्यांना एकच नंबर घ्यायची हौस असते. आबांची जीप ४१४१. दिपेशची बुलेट ४१४१. टेंपो ४१४१. शर्यतीच्या छकड्यावरसुद्धा पिवळ्या रंगात ४१४१.

"आबा," ती म्हणाली, "तुमचा पासवर्ड रस्त्यावरून फिरतोय. हॉर्नपण वाजवतोय."

आबा खो खो हसले. "मग काय ठेवू? बैलाचं नाव?"

"रायफलला अख्खा तालुका ओळखतो!"

आबांनी उभं आयुष्य अंबरनाथच्या लष्करी दारूगोळ्याच्या कारखान्यात लोखंड घासण्यात काढलं होतं, म्हणून बैलाचं नाव रायफल.

मग तिने त्यांना समजावलं, आणि नीट समजावलं. नाव नको, जन्मतारीख नको, गाडी नको. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार शब्द घ्या. एक स्वयंपाकघरातला, एक रानातला, एक आकाशातला, एक अगदी मूर्खपणाचा. मधे एखादा आकडा. चोराला एखादा शब्द सुचेल, चार शब्दांची अशी माळ सुचायची नाही. फोन उघडायचा आकडाही वेगळाच ठेवा.

"तुना सांगू का कुठलं शब्द?"

"मलाही नाही. कुणालाच नाही." आणि आबा एकेका अक्षरावर बोट ठेवत टाइप करत होते तोवर ती खिडकीबाहेर बघत बसली.

एवढा लांब पासवर्ड रोज टाइप कोण करणार? म्हणून तिने तो फोनमधल्या तिजोरीत ठेवायला शिकवलं. ॲपने पासवर्ड मागितला, की बोट लावायचं. बोट ओळखलं, की तिजोरी तो आपोआप भरते. फोनचं कुलूपही त्याच बोटाने उघडतं.

इथे अडलं. आबांचा अंगठा फोन घेईना. कारखान्यात घासून घासून बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या. उजव्या हाताची पाचही बोटं झाली. डाव्याची चार झाली. शेवटी डावी करंगळी लागली.

"कुनाला सांगू नको हां," आबा लाजून म्हणाले. "करंगळीनं फोन उघडतो म्हनून लोकं हसतील."

तेव्हापासून आबा फोन उघडताना पाठ करत, हात उपरण्याखाली घेत.

आता समजलं ना, स्वच्छ करंगळीचा अर्थ काय तो? शेणाने माखलेलं बोट फोन ओळखत नाही. आबांच्या डोक्यात हातोडा घातल्यावर कुणीतरी खाली बसलं, त्यांचा डावा हात उचलला, करंगळी पुसली आणि फोनवर दाबली. जिवंत माणसाचं बोट, किल्लीसारखं.

ती किल्ली मैत्रेयीला माहीत होती. आणि त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर हसत हसत तिने ती आणखी एकाला सांगितली होती. वडिलांना.

४

विनिताबाईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं, चूळ भरायला पाणी दिलं. बाहेर आवाज वाढत होता.

"तू काय पाहिलंस?"

मैत्रेयीने लाल चूळ मोरीत टाकली. एक वाक्य बोललं तर खुनाचा प्रयत्न कसा झाला ते कळणार होतं. पण तेच वाक्य तिच्या वडिलांच्या गळ्यात पडणार होतं. गप्प राहिलं तर कुणाला काही कळलं नसतं.

तू असतीस तर? घाईने उत्तर देऊ नकोस.

"आबांची डावी करंगळी पुसलेली होती," ती म्हणाली. "फोन त्याच बोटानं उघडतो. ते मला माहीत होतं. आणि... बाबांना. मीच सांगितलं होतं."

विनिताबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "हे कुणापुढे बोललीस?"

"नाही."

"आता मी सांगेपर्यंत बोलू नकोस."

त्यांनी राजेंद्रच्या खोलीची कडी काढली. तो भुवईवर रुमाल दाबून बसला होता. सदरा छातीपर्यंत लाल.

"परवाचं भांडण कशावरून?"

"आबा म्हणाले, कॅमेरा दिपेशच्या खोलीच्या दाराकडे वळव. मी नाही म्हणालो. घरातल्या माणसावर पाळत ठेवायची कामं मी करत नाही, मॅडम. आबा भडकले, माझी हत्यारांची पिशवी उकिरड्यावर भिरकावली. मीपण वैतागून तशीच टाकून गेलो. हातोडा त्यातलाच. काल मात्र आबांनी स्वतःच फोन करून बोलावलं, काहीतरी दाखवायचंय म्हणाले."

"म्हणजे दोन दिवस तो इथेच, उघड्यावर पडलेला."

"हो. पण हे बाहेर कोण ऐकणार?"

खिडकीच्या काचेवर दगड आदळला.

५

काशीआजीला दवाखान्यातून परत आणलं होतं. ती ओट्यावर बसली, डोळे कोरडे.

"चहा घेऊन जेले तं हे पालथे पडलेले. रायफल खुंट्याला हिसके देत होता. मना वाटलं, बैलानं तुडवलं."

"आजी, आबा फोन कसा उघडायचे?"

"मना काय ठावं बाई. माझ्याकं पाठ करून बसायचे. यांच्या बोटांचा तरास मोठा. दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला लागतो, मशीनवर अंगठा द्यावा लागतो. यांचा अंगठा लागतच नाय. दिपेश नेतो यांना, तोच एकेक बोट धरून दाबत बसतो. कुठलं तरी लागतं तवा परत येतात."

"कुठलं?"

"मी काय त्यांच्यासंगं जाते का?"

मग रघू. रायफलची वैरण-पाणी करणारा गडी. त्याचा उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये होता.

"आठ दिस झाले. रायफलनं लाथ मारली. कधी मारत नाय हो तो! हल्ली कुनी मागून जेला की थरथर कापतो."

विनिताबाई गोठ्यात गेल्या. पांढराशुभ्र बैल, डोळे वटारलेले, तोंडाला फेस. त्या लहानपणापासून बैलांत वाढलेल्या. त्यांनी पुढून जाऊन कपाळाला हात लावला, बोलत बोलत बाजूला सरकल्या आणि मागच्या मांडीची आतली बाजू पाहिली. कातडीवर गोल, काळपट डाग होते. दोन-दोन, जोडीनं.

"हे काय?"

रघूने जमिनीकडे पाहिलं. "दिपेशशेट बोलतात, गोचीड जाळले."

"गोचीड जोडीनं बसतात?"

रघूची नजर दाराकडे गेली. दारात दिपेश उभा होता. त्याला पाहताच रायफलने खुंट्याला असा हिसका दिला की दावं करकरलं.

"मॅडम, टाइमपास कशाला?" दिपेश म्हणाला. "बाहेर लोक तापलेत. त्या राजेंद्रला बाहेर द्या नायतर घेऊन तरी जा."

"एकच विचारते. आबा फोन कसा उघडायचे?"

"अंगठ्यानं," तो लगेच म्हणाला. "रोज बघतो मी. सगळेच अंगठ्यानं उघडतात."

विनिताबाईंनी मान हलवली. मग दवाखान्यात फोन लावला आणि डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली: आबांचा उजवा अंगठा कसा आहे? पलीकडून उत्तर आलं. त्यानंतर आणखी एक वाक्य आलं, आणि त्यांनी डोळे मिटले.

अंगणातही ती बातमी पोचली होती. कुणाच्या तरी फोनवर.

"आबा गेले!"

बांबू ओट्यावर आपटायला लागले. दोघे जण खोलीच्या दाराला खांदा देऊ लागले. एकाने रॉकेलचा डबा आणला होता. आतून राजेंद्रचा आवाज आला, "मैत्रेयी, तू बाईंच्या मागे उभी राहा! पुढे येऊ नको!"

कडीचा एक खिळा उपटून निघाला.

६

विनिताबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्याला जाळायचं तर आधी मला. पण त्याआधी पाच मिनिटं माझं ऐका. शंकरदादा, तुझ्या घराची किल्ली तुझ्या खिशात आहे. घरात शिरायला तू कौलं काढशील?"

"नाय. कशाला?"

"हा कॅमेरा राजेंद्रनं बसवला. आतलं कार्ड त्यानंच घातलं. शिडी गोठ्यात उभी. त्याला चित्रण नको असतं, तर वर चढायचं, नखाएवढं कार्ड काढून खिशात घालायचं, संपलं. फोनची गरजच काय? पण मारणाऱ्यानं आबांचं बोट पुसून फोन उघडला. म्हणजे कॅमेऱ्यात कार्ड असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, सगळं फोनमध्येच आहे."

दाराला खांदा देणारे थांबले.

"कुठलं बोट?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"चांगलं विचारलंस. तुला अनोळखी माणसाचा फोन उघडायचा आहे. कुठलं बोट लावशील?"

"अंगठा."

"उजवा. सगळेच आधी तोच लावतील. डॉक्टर म्हणाले, आबांचा उजवा अंगठा शेणानं माखलेलाच होता. पुसलं होतं ते एकच बोट, डावी करंगळी. मारणाऱ्यानं शोधाशोध केली नाही. त्याला आधीच माहीत होतं, आबांच्या दहा बोटांतलं हे एकच बोट यंत्राला लागतं. हे बोट कुणाकुणाला माहीत होतं? ह्या पोरीला. तिनं ते मला स्वतःहून सांगितलं. तिनं बापाला सांगितलं होतं, तेही कबूल केलं. तिनं लपवलं असतं तर मला आयुष्यात कळलं नसतं."

सगळे मैत्रेयीकडे बघू लागले. या वेळी वेगळ्या नजरेने.

"रघूचा हात प्लास्टरमध्ये. हातोडा उचलणं सोडा, त्याला घास उचलता येत नाही. आजीला बोट ठाऊक नाही. मग राहिलं कोण? दर नोव्हेंबरात यंत्रापुढे बसून आबांचं एकेक बोट हातात धरून दाबतं कोण?"

काशीआजीने मान वर केली. हळूहळू, जशी जड दाराची फळी उघडावी तशी.

"दिपेश," विनिताबाई म्हणाल्या, "आबांचा अंगठा कुठल्याच यंत्राला लागत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी मला म्हणालास, 'अंगठ्यानं, रोज बघतो.' करंगळीचं नाव मी काढलंच नव्हतं. मग करंगळीपासून मला लांब न्यायची तुला एवढी घाई का?"

"मी... मना वाटलं... असंच बोललो!"

"रायफलच्या मांडीवर जोडीनं डाग आहेत. विजेच्या झटक्याचे. झटका देणाऱ्या काठीची दोन टोकं, दोन डाग. शर्यतीत जोरात पळावा म्हणून कुणीतरी त्याला रोज झटके देतंय. ते कोण, हे बघायला आबांनी कॅमेरा लावला, चोरासाठी नाही. काल त्यांना दिसलं. राजेंद्रला तेच दाखवायला बोलावलं होतं. आज पहाटे गोठ्यात त्यांनी तुला तोंडावर विचारलं असणार."

त्यावर रघूच बोलला. आवाज फाटलेला.

"मी सांगितलंवतं आबांना! मीच! ह्यानं मना धमकी दिलीवती, बोललास तर डावा हातपन मोडीन!"

विनिताबाईंनी चिमटीत ते कार्ड धरलं. "आणि पुसलेलं कार्ड बरेचदा परत वाचता येतं, दिपेश. हे आजच तपासणीला जाईल."

७

गोठ्याच्या खांबात वैरण तोडायचा कोयता रोवलेला होता. दिपेशने तो उपटला, आणि त्याच्या सगळ्यांत जवळ कोण होतं? मैत्रेयी. कार्ड बघायला ती बाईंच्या मागून पुढे आली होती. त्याने तिचे केस मुठीत धरले, डोकं मागे ओढलं आणि पातं गळ्याला लावलं.

"मागं व्हा! सगळे! बुलेटची चावी द्या!"

पातं गार होतं. कातडीवर बारीक रेघ उमटली आणि तिच्यातून लाल थेंब आले. शिपाई जागच्या जागी थिजले. आत राजेंद्र दारावर डोकं आपटत होता.

ओट्यावरून काशीआजी उतरली. ती धावली नाही, ओरडलीही नाही. चालत त्याच्यापुढे गेली. त्याची आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, तेव्हापासून हिनेच त्याला भरवलेलं.

"आये, मागं हो!" तो म्हणाला.

"तू त्यांना एकदाच मारलास का दोनदा?"

"मागं हो बोलतो ना! ते मना मैदानात परत उभं करनार नव्हते! सगळ्या गावासमोर नाव घेनार होते! मी काय करनार?"

"एकदा का दोनदा?"

काशीआजीने हात पुढे केला आणि कोयत्याचं पातं उघड्या मुठीत धरलं. रक्त तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मूठ सुटली नाही. पातं वीतभर गळ्यापासून दूर आलं.

तेवढंच पुरलं. विनिताबाईंनी त्याच्या कोपरावर दंडुका हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोयता पडला, दिपेश गुडघ्यावर आला, दोन्ही शिपाई त्याच्या पाठीवर.

"दोनदा," तो मातीत तोंड खुपसून म्हणाला. "दोनदा मारलं."

काशीआजी तेव्हा रडली.

दाराची कडी निघाली. राजेंद्र लंगडत बाहेर आला आणि मैत्रेयीला त्याने अशी धरली की तिला श्वास घेता येईना. तिच्या गळ्यावर फडकं बांधलं. जखम वरवरची होती. आजीचा हात मात्र तीन ठिकाणी शिवावा लागणार होता.

दिपेशला जीपमध्ये घातलं. अंगणात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. रॉकेलचा डबा कुठे नाहीसा झाला कळलं नाही. बांबू एकेक करून भिंतीला टेकले, जसे काही ते कुणाचेच नव्हते.

मग शंकर पुढे आला. हातात पाण्याचा तांब्या. "राजूभाऊ, पानी घ्या. डोस्कं गरम झालंवतं. झालं गेलं सोडून द्या. तुमचं पुढचं काम ह्याच वस्तीत हाय, आमी हाव ना."

राजेंद्रने तांब्या घेतला. सुजलेल्या ओठांनी एक घोट प्यायला. "जाऊ दे," तो म्हणाला. "चल मैत्रेयी, घरी जाऊ."

विनिताबाई जीपच्या दाराशी थांबल्या होत्या. हा निर्णय त्यांचा नव्हता.

बापाचं म्हणणं चुकीचं होतं असं मी तुला सांगणार नाही. ज्याला उद्या त्याच दारात काम मागायला जायचं आहे, त्याला पुष्कळ गोष्टी गिळाव्या लागतात.

पण मैत्रेयी जागची हलली नाही. तिने वडिलांचा हात सोडवून घेतला, जीपपाशी गेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, आबांना मारणारा सापडला. माझ्या बाबांना ज्यांनी मारलं त्यांचीपण नावं लिहून घ्या. मला नावं माहीत नाहीत. पण तोंडं सगळी लक्षात आहेत."

विनिताबाईंनी खिशातून पेन काढलं.

मैत्रेयी वळली आणि शंकरसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा दुप्पट उंच होता. त्याचा हात अजून तांब्या परत घ्यायला पुढे केलेला होता.

"पहिले हे," ती म्हणाली, आणि दुसऱ्याकडे चालू लागली.